गुळगुळीत दारं

धडक झाल्यावर लॅबमध्ये जी शांतता पसरते तिची थोरलीला सवय होती. गाडी भिंतीवर आदळते, कानठळ्या बसतात, काचेचे तुकडे फरशीवर दूरपर्यंत उडतात आणि मग कुणीच बोलत नाही. एअरबॅगची पांढरी पूड हवेत तरंगत असते. आतले पुतळे मान टाकून बसलेले असतात. इतकी वर्षं झाली तरी त्या क्षणाला आतून कुणीतरी हाक मारेल असं तिला वाटायचंच. पुतळे कसले हाक मारतायत, पण वाटायचं.

थोरली या क्रॅश टेस्ट लॅबची प्रमुख. घरात दोघीच बहिणी, एक थोरली आणि एक धाकटी. लॅबमध्ये कुणीतरी हे ऐकलं आणि मग तिथेही ती थोरलीच झाली.

आजची गाडी ओळखीची होती. विजेवर चालणारी छोटी एसयूव्ही. हिच्याच पहिल्या मॉडेलला याच लॅबने गेल्या वर्षी सुरक्षिततेचे पाचपैकी पाच स्टार दिले होते. आता कंपनीने थोडी स्वस्तातली काढली, म्हणून पुन्हा धडक. सगळे निवांत होते. परीक्षा पास झालेल्या पोरीला पुन्हा त्याच वर्गात बसवल्यासारखं थोरलीला वाटत होतं.

दार उघडायला घाईराव पुढे झाला. हा लॅबचा तंत्रज्ञ. ताट थंड झाल्याशिवाय पहिला घास तोंडात घालत नाही, म्हणून त्याचं नाव घाईराव. या गाडीची हँडलं दारात सपाट बसलेली असतात. किल्ली दाबली किंवा धडक बसली की आतली मोटर त्यांना बाहेर ढकलते. घाईराव दारापाशी जाऊन उभा राहिला. हँडल काही बाहेर आलं नाही. झोपलेल्या पाहुण्याला उठवावं तशी त्याने दारावर टकटक केली. मग खांदे उडवले, ड्रायव्हरच्या उघड्या काचेतून हात आत घातला आणि आतला खटका ओढला.

"उघडलं," तो म्हणाला.

कॉम्प्युटरवर बसलेल्या मुलीने तसं टाइप केलं आणि पुढच्या कामाला लागली.

थोरली मात्र जागची हलली नाही. काच उघडी का होती? कारण लॅबमध्ये ती कायमच उघडी असते. कॅमेऱ्यांच्या वायरी तिथूनच बाहेर काढतात. आजवर एवढ्या गाड्या फोडल्या, प्रत्येकीची ती काच खाली. हात आत घालून दार उघडणं सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलेलं, की आपण बाहेरून दार उघडतच नाही हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. पण रस्त्यावर काच खाली ठेवून कोण गाडी चालवतं?

"गेल्या वेळी हँडलं बाहेर आली होती," ती म्हणाली. "चारही. मला चांगलं आठवतंय."

"आली होती की. आज छोटी बॅटरी फुटलीय पुढची, दारं-दिवे चालवणारी. मोटरला वीज मिळणार कुठून?"

"गेल्या वेळीही फुटली होती, घाईराव."

घाईरावाने मान खाजवली. थोरली गाडीच्या मागे गेली आणि डिकी उघडून बघत राहिली. डिकीत नवा रेकॉर्डर होता. मोजमापं टिपणारा हा डबा अलीकडेच आला होता, आणि तो आपली वीज आपल्यापुरती बाळगायचा. जुना तसा नव्हता. त्याची बॅटरी मोठी होती, आणि वायरींचा पसारा नको म्हणून लॅबवाल्यांनीच ती गाडीच्या वायरिंगला जोडून टाकलेली असायची. ती युक्ती थोरलीनेच काढली होती. तेव्हा सगळ्यांनी तिचं कौतुकही केलं होतं.

त्या दिवशी ती हँडलं गाडीने बाहेर काढलीच नव्हती. लॅबच्या बॅटरीने काढली होती. स्टार दिले गाडीला.

तशीच ती साहेबांच्या, म्हणजे संस्थेच्या संचालकांच्या, केबिनमध्ये शिरली. साहेब ऐकून घेणारे होते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला.

"आपण लिहिलं, दार उघडलं. उघडलं होतं ना?"

"उघडलं होतं, पण–"

"म्हणजे खोटं काही लिहिलं नाही आपण." त्यांनी चष्मा परत लावला. "हे बघ, सोमवारी कंपनीला कळवू. पुन्हा एक धडक घेऊ, खात्री करू. तोवर बाहेर ब्र काढायचा नाही. उद्या आपलंच चुकलेलं निघालं तर? लोक उगाच घाबरतील."

"साहेब, माझ्या बहिणीकडे हीच गाडी आहे."

साहेबांनी आवाज खाली आणला. "मग तिला सांग. घरातल्या घरात."

हे ऐकून थोरलीला बरं वाटलं, खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. परवानगी मिळाली होती. सोमवार दोन दिवसांवर होता आणि दोन दिवसांत काय आभाळ कोसळतंय, असं स्वतःला बजावत ती तशीच धाकटीच्या घरी निघाली.

ती गाडी धाकटीने थोरलीच्या भरवशावरच घेतली होती. शोरूममधून फोन केला होता. "तू पास केलीस ना? मग बाकीचं मला काही सांगू नकोस, रंग तेवढा सांग." थोरलीने निळा सांगितला होता.

निळी गाडी फाटकाच्या आत उभी होती, धुऊन पुसून चकचकीत. धाकटी दार उघडायला आली तीच हसत. "आज कशी काय वाट चुकलीस? आणि तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?"

"किल्ली दे आणि एक पाना दे."

"आधी चहा तरी घे."

"पाना दे गं."

धाकटी पाना शोधायला आत गेली. थोरलीने किल्ली घेऊन गाडी उघडली आणि बॉनेट वर केलं. उगाच आपल्या मनाचे खेळ असतील, असं तिला अजूनही वाटत होतं. लॅबमधली गाडी स्वस्तातली होती, ही तशी नव्हती. हिच्यात कंपनीने दुसरी काही सोय ठेवलीही असेल. एकदा वायर काढून बघितलं की जिवाला घोर राहणार नाही. धाकटीने पाना आणून दिला आणि फोन वाजला म्हणून परत आत गेली. थोरलीने छोट्या बॅटरीचा नट सैल केला आणि वायर उपसून बाजूला केली. गाडीत बारीक टक असा आवाज झाला आणि हँडलं आत गेली.

ती बाजूला आली. दार गुळगुळीत. हँडलच्या कडेत नखं खुपसून ओढलं, नखच तुटलं. दुसरं दार पाहिलं, तेही तसंच. मागच्या दाराशी आली आणि तिला काचेला टेकलेला एक इवलासा तळवा दिसला.

पिटुकली आत होती. धाकटीची लेक, वय वर्षं तीन. गाडीचं दार उघडं दिसलं की भटकायला जायचं, एवढंच तिला ठाऊक. बॉनेटच्या आड थोरलीला ती चढलेली दिसलीच नव्हती. दार तिने स्वतःच ओढून घेतलं होतं. आता ती आतला खटका दोन्ही हातांनी ओढत होती, पण मागच्या दारांना मुलांसाठीचं कुलूप होतं. ते लावून घे म्हणून थोरलीच धाकटीच्या मागे लागली होती.

"पुढे ये राणी, पुढच्या सीटवर ये," थोरली ओरडली. पिटुकलीला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. मावशीचा चेहरा पाहून तिने भोकाड पसरलं. जाड काचेतून तो आवाज कुठल्यातरी लांबच्या घरातून आल्यासारखा येत होता.

धाकटी धावत बाहेर आली. तिने हँडलच्या जागी हात मारले, काचेवर बुक्क्या मारल्या. "उघड ना! ताई, उघड!" थोरली तिच्या हातात किल्ली कोंबून बॉनेटकडे पळाली. नट हातातून निसटून खाली कुठेतरी गेला. तिने वायर नुसतीच हाताने बॅटरीवर दाबून धरली. ठिणगी उडाली, तरी तिने सोडली नाही. "किल्ली दाब!" टक आवाज झाला. हँडलं बाहेर आली.

धाकटीने लेकीला ओढून छातीशी घेतलं आणि तिथेच फरशीवर बसली.

थोरलीने तिला सगळं सांगितलं. धडकेचं, काचेचं, जुन्या रेकॉर्डरचं. धाकटी म्हणाली, "ताई, ही गाडी तूच पास केली होतीस ना?"

"हो."

थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने तिथूनच साहेबांना फोन लावला. "सोमवारपर्यंत थांबायचं नाही साहेब. आजच जाहीर करा."

"बहिणीला सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग आता तुला कसली घाई आहे?"

इकडे येताना वाटभर ती स्वतःशी हेच तर म्हणत आली होती.

"ताई," धाकटी एकदम उठली. "शेजारच्या वहिनींनीही हीच घेतलीय. मीच भरीस घातलं त्यांना. म्हटलं, माझ्या बहिणीने तपासलेली आहे, डोळे झाकून घ्या."

शेजारचं फाटक तेव्हाच उघडलं होतं. पांढरी गाडी मागे मागे येत रस्त्याला लागली. काचा वर. मागे दोन मुलं, हायवेच्या प्रवासाला निघाल्यासारख्या उशा घेऊन. विजेची गाडी, तिचा आवाज तो काय असणार.

थोरली हातात पाना घेऊनच रस्त्यावर धावली. "वहिनी! काच खाली करा! वहिनी!" तिने दोन्ही हात वर केले.

वहिनींनी आरशात पाहिलं. ही धाकटीची बहीण, गाड्या पास करणारी, हे त्यांनी ओळखलं. बंद काचेआडून त्यांनी हसून हात हलवला, मुलांनाही हलवायला सांगितला, आणि गाडी हायवेकडे वळली.