माझ्या मानेतले पन्नास सेकंद

मित्रांनो, मी एक जुनं वाळूचं घड्याळ आहे, आणि वयोमानाप्रमाणे थोडी थापही मारतो. माझ्या पोटातली वाळू एका माशाने समुद्राच्या तळातून गालात भरून आणली, असं मी सांगत असतो. पटत नसेल तर त्या माशाला विचारा. पण पुढची हकीकत मात्र खरी आहे, कारण तिच्यात माझीच फजिती आहे.

माझा जन्म भट्टीत झाला. काच फुंकणारा कारागीर माझी मान घडवत असताना त्याला शिंक आली. आता एवढ्या मोठ्या भट्टीसमोर शिंक येणं काही गुन्हा नाही. पण मान आतून किंचित तिरकी झाली ती झालीच. बाहेरून मी अगदी देखणा. सागवानी चौकट, वर-खाली पितळी तबकड्या, वरच्या तबकडीवर खुणेचा एक चरा. असा मी गावच्या सभागृहात आलो.

तिथली रीत मला फार आवडायची. गावाचा कुठलाही मोठा प्रश्न असला की दोन बाजूंचे दोन वक्ते मला मध्ये ठेवून बसत. चरा वर करून मला ठेवलं की पहिला बोलायला लागे. वाळू संपली की त्याने थांबायचं, आणि स्वतःच्या हाताने मला उलटं करून समोरच्याला वेळ द्यायचा. कितीही राग आलेला असो, वेळ आपल्या हाताने द्यायचा. दातओठ खात, पण देत. कितीतरी वर्षं मी हे पाहिलं आणि माझी छाती फुगून येई.

मग भिंतीवर विजेचं घड्याळ आलं आणि माझी रवानगी सभागृहाच्या शिपाईकाकांच्या स्वयंपाकघरात झाली. तिथे मी अंडी उकडण्याची वेळ सांगू लागलो. काकू रोज वैतागत. त्याच वाळूवर उकडलेलं अंडं एके दिवशी घट्ट, दुसऱ्या दिवशी पातळ. सगळा दोष त्या कोंबड्यांना देत. खोट माझ्या तिरक्या मानेची. कोंबड्यांनो, माफ करा.

अशी बरीच वर्षं गेली आणि देशात एक मोठा वाद पेटला. आपला देश अनेक देशांच्या एका महासंघात होता. त्यातच राहायचं की बाहेर पडायचं, यावर साऱ्या देशाने मतदान करायचं ठरलं. गाव दोन तुकड्यांत फुटलं. सभागृहात चर्चा सुरू झाल्या, तर पहिल्याच दिवशी ‘आत’वाले म्हणाले, भिंतीवरचं घड्याळ ‘बाहेर’वाल्यांनी पुढे ढकललंय. ‘बाहेर’वाले म्हणाले, तुम्ही मागे ओढलंय. ओढाताणीत घड्याळच खाली आलं. तेव्हा चर्चेच्या अध्यक्ष, निवृत्त हेडबाई, म्हणाल्या, “ते जुनं वाळूचं आणा. वाळूला पक्ष नसतो.”

मित्रांनो, मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मला घासूनपुसून द्यायचं काम बाजारातल्या घड्याळवाल्या ताईकडे गेलं. ताई म्हणजे गावातलं सगळ्यात काटेकोर माणूस. तिच्या दुकानासमोरून जाताना लोक पावलंसुद्धा मोजून टाकत. दुकानावरच्या मजल्यावर ती, तिची आई आणि धाकटा भाऊ राहत. धाकटा ट्रक चालवायचा. सरहद्दीचा पूल ओलांडून पलीकडच्या देशात माल पोचवायचा.

आता गंमत बघा. दुकानदारांनी ‘बाहेर’च्या बाजूने ताईला उभं केलं आणि ट्रकवाल्यांनी ‘आत’च्या बाजूने धाकट्याला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. जेवताना “आई, त्याला सांग मीठ सरकवायला,” आणि “आई, तिला सांग स्वतः घे.” तिसऱ्या आठवड्यात आई म्हणाली, मी काही पोस्ट ऑफिस नाही, आणि ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. त्याच जेवणात धाकटा भिंतीकडे बघत म्हणाला, की बाहेर पडलो तर मी ट्रक घेऊन कायमचा पुलापलीकडे जाणार. ताईचा घास हातातच राहिला. आपलं म्हणणं जिंकलं तर भाऊ जातो आणि हरलं तर मान जाते, अशा कात्रीत ती सापडली.

त्याच आठवड्यात तिने मला पुसलं, वाळू चाळली, आणि सवयीप्रमाणे वेळ मोजली. चरा वर असताना पाच मिनिटं. उलटं केलं तर चार मिनिटं दहा सेकंद. तिने पुन्हा मोजलं. मग माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मला कापडात गुंडाळलं आणि कुणाला काही बोलली नाही. एवढंसं काय, असं तिने मनाला समजावलं असावं. तिच्या कपाळावरच्या आठीला मात्र ते पटलं नव्हतं.

रविवारी दुपारी सभागृह खच्चून भरलं. नाणं उडवलं, ताईला पहिलं बोलणं मिळालं. म्हणजे दर फेरीला माझी लांब बाजू तिची, आखूड बाजू धाकट्याची.

ताई बोलली झकास. म्हणाली, माझ्या दुकानाचं दार किती रुंद असावं हे ज्याने ते दार कधी पाहिलं नाही तो दूर महासंघाच्या कचेरीत बसून ठरवतो. मी त्याला पत्र लिहिलं, त्याने मला फॉर्म पाठवला. टाळ्या पडल्या. तिने मला उलटं केलं. धाकटा मुळातच सावकाश बोलणारा. म्हणाला, आजोबा त्याच पुलावर दोन-दोन दिवस रांगेत उभे राहायचे, भाजी ट्रकातच सडायची. आज मी ब्रेकला पाय न लावता जातो. मग म्हणाला, “आणि खरं सांगायचं तर मला...” तेवढ्यात वाळू संपली. दुसऱ्या फेरीलाही तेच झालं. “मला एवढंच...” आणि वाळू संपली. लोक खो खो हसले. कुणीतरी म्हणालं, ट्रकला गिअर टाका हो. धाकट्याचे कान लाल झाले. लहानपणी शाळेत हसले की असेच व्हायचे, हे त्या सभागृहात एकट्या ताईला माहीत होतं.

तिसरी, म्हणजे शेवटची फेरी. धाकट्याने मला उलटं करून ताईपुढे सरकवलं. ताईने मला उचललं आणि आडवं ठेवलं.

“हे घड्याळ वाकडं आहे,” ती म्हणाली. “माझी वेळ याच्यापेक्षा पन्नास सेकंदांनी जास्त येते. साफ केलं तेव्हाच मला कळलं होतं.”

दुकानदारांत एकच गलका झाला. मिठाईवाला उठून म्हणाला, “अगं, तू आहेस तरी कुणाच्या बाजूची?”

“बाहेर पडायच्याच,” ताई म्हणाली. “पण चोरवाटेने नाही.”

हेडबाईंनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि मला मोजायला घेतलं. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. नऊ मिनिटं दहा सेकंद सारं गाव श्वास रोखून वाळू पडताना पाहत होतं. कित्येक महिन्यांत ‘आत’वाले आणि ‘बाहेर’वाले एवढा वेळ एकत्र गप्प बसले नव्हते. मग बाईंनी निवाडा दिला, शेवटच्या फेरीत लांब बाजू धाकट्याची.

ताई आखूड बाजूत बोलली, वेळेआधीच थांबली, आणि मला उलटं करून त्याच्यापुढे ठेवलं. धाकटा बोलला. पुलाबद्दल, भाजीबद्दल, सगळं बोलला, तरी वाळू उरली. त्याला एवढ्या वेळाची सवय नव्हती. त्याने वाळूकडे पाहिलं, मग तीन आठवड्यांत पहिल्यांदा सरळ ताईकडे.

“ताई,” तो म्हणाला, “ट्रकातलं घड्याळ पंधरा दिवस बंद आहे. पलीकडे तीन दुकानं आहेत घड्याळांची. नेलं नाही मी. मला एवढंच म्हणायचं होतं.”

“उद्या सकाळी आण,” ताई म्हणाली. तिचा आवाज घड्याळवालीला न शोभेल इतका हलला.

निकाल काय लागला? नाही सांगणार. सांगितला तर तुमच्यातले निम्मे माझ्यावर रुसतील. एवढं सांगतो, की दोघांतला एक जण महिनाभर तोंड पाडून हिंडत होता, पण जेवायला तिघं एकत्र बसत. ट्रक आजही त्याच दारात उभा राहतो.

सभागृहासाठी नवं घड्याळ घेऊ, असं हेडबाई म्हणाल्या होत्या. ताईने नको म्हटलं. तिने माझ्या चौकटीवर बारीक अक्षरांत कोरलं: ‘याची मान तिरकी आहे. दर फेरीला पहिला वक्ता बदलावा.’ आज मी सभागृहात पुन्हा मधोमध बसतो. चारचौघांत माझी खोट निघाली आणि तरी मला कुणी फेकलं नाही, याचं ऋण कसं फेडू?

तेव्हा मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंना आणि हो, माणसांनाही, एक-दोन उणिवा असणारच. त्या लपवू नका आणि त्यांपायी कुणाला अडगळीतही टाकू नका. नीट मोजा, चौकटीवर लिहून ठेवा आणि सांभाळून वापरा. आणि आता माझी वाळू संपत आली. मला उलटं करा पाहू. तुमची पाळी.