शेजारच्या सीटचा ब्रेक

मी बोलतेय. हो, मीच. पत्र्याच्या शेडमध्ये चार लाकडी ठोकळ्यांवर टेकवून ठेवलेली लाल, दोन सीटची गाडी. चाकं काढलेल्या गाडीला कुठं जाता येत नाही, म्हणून म्हटलं, बसल्या जागी मन तरी मोकळं करावं.

माझा जन्म पळण्यासाठी झाला. लांब नाक, बसकी बांधणी, आत जागा दोघांपुरतीच. पण नशीब बघा, मला विकत घेतलं ते मास्तरांनी! मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग शिकवणारे. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं आणि आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून दिवस काढायचा, हा त्यांचा धंदा. मला त्यांनी हौसेनं घेतलं आणि गोगलगायीच्या चालीनं चालवलं. सायकलवाले मला ओलांडून जायचे, वर वळून हसायचे. तो अपमान मी अजून विसरले नाही.

कधी त्यांची मुलगी चालवायला बसली की मास्तर शेजारी बसत. मग गंमत असायची. त्या बाजूला माझ्यात ब्रेक नाही, नुसती रबराची चटई आहे. पण सवय जाते कुठं? वळण आलं की मास्तरांचा पाय चटई दाबायचा. टाच घासून घासून तिथं चांगला खळगा पडलाय.

मुलगी बापाच्या अगदी उलट. लेथवर काम करते, हात कायम काळे, बोलणं एक घाव दोन तुकडे. माझं इंजिन धापा टाकायला लागलं, तेव्हा तिनं मागून ठोकलेल्या एका भल्यामोठ्या गाडीचं दणकट इंजिन शोधून आणलं. ते बघून मास्तरांनी कपाळाला हात लावला.

"हे हिच्यात घालणार? उंदराच्या पिलाला हत्तीचं काळीज?"

"बसतं बाबा. मी मापं घेतलीत."

"बसेल गं. पेलेल का?"

बरीच भवति न भवति झाली. शेवटी मास्तरांनी अट घातली. पहिल्या फेरीला ते शेजारी बसणार. एक जरी दोष निघाला, तर जुनं इंजिन परत आत, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. मुलगी म्हणाली, "चालेल." म्हणून जुनं इंजिन विकलं नाही. ते कोपऱ्यात गोणपाट पांघरून बसलं, माझ्याकडे डोळे लावून.

साखळीच्या कप्पीला लटकून नवं इंजिन माझ्या पोटात उतरलं तेव्हा माझ्या पुढच्या स्प्रिंगा कण्हल्या. मुलीनं त्याला टेकू म्हणून लोखंडी पाय स्वतः कापून बनवले होते, ते नेमके बसले. सगळंच बसलं. फक्त सायलेन्सरचा पाइप ब्रेकच्या नळीला जवळजवळ खेटून गेला.

"बोटभर जागा आहे, पुरे," मदतीला आलेले गॅरेजचे मिस्त्री म्हणाले.

मुलगी वाकली, जरा घुटमळली आणि म्हणाली, "पुरे." मला वाटलं, बोंब मारावी. पण हॉर्नची वायर तेव्हा सुटलेली होती.

पहिल्या फेरीसाठी तिनं डोंगरावरचा रस्ता निवडला. चढाला ताकद दिसते ना! आणि खोटं कशाला बोलू, दिसलीच. पहिल्यांदा मला कळलं, माझं नाक एवढं लांब का आहे. चढ मी गिळत सुटले. मास्तर दाराला धरून बसले होते, पण मिशीतल्या मिशीत हसत होते. वर पोचल्यावर म्हणाले, "बरी आहे."

त्यांच्या तोंडून 'बरी' म्हणजे बक्षीसच. मुलीचा चेहरा उजळला. पण चढाचा विचार सगळ्यांनी केला होता, उताराचा कुणीच नाही.

उतार सुरू झाला. माझा सायलेन्सर पाइप तापून लाल झालेला, आणि त्याच्या शेजारच्या नळीत ब्रेकचं ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे धरत होते. पहिल्या वळणाला पॅडल जरा खोल गेलं. दुसऱ्याला आणखी. तिसऱ्या वळणाआधी मुलीनं पाय दोनदा मारला, तेव्हा कुठं मी थोडी मंदावले.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही."

काही नाही! तिच्या तळव्याचा घाम माझ्या स्टिअरिंगला लागत होता. बोलली तर इंजिन गेलं, हे तिला ठाऊक होतं. न बोलली तर काय जाईल, ते खाली दरीत दिसत होतं. मला धडकी भरली. अगं बोल ना, पोरी! तुझा बाप शेजारी बसलाय, परका नाही! शेजारची टाच चटईच्या खळग्यात रुतली होती, जीव खाऊन दाबत होती.

मुलीनं पाय दाबला. पॅडल थेट तळाला टेकलं. पुढं वळण, वळणापलीकडे नुसतं आभाळ.

"बाबा, ब्रेक लागत नाहीये."

मास्तर ओरडले नाहीत. शिकाऊ मुलांशी बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "बरं. गिअर खाली घे. तिसरा. क्लच सावकाश सोड."

नवं इंजिन गुरगुरलं आणि त्यानं मला मागं खेचलं.

"आता दुसरा. डोंगराच्या बाजूला राहा. शाब्बास. हँडब्रेक हळूहळू ओढ. एकदम नाही, हळूहळू."

वळण गेलं. माझी एक बाजू दगडांना घासली, रंग खरवडला, आणि मी थांबले. मुलीनं मिस्त्रींना फोन लावला.

मिस्त्री येईपर्यंत ऑइल निवलं होतं. त्यांनी पॅडल दाबून बघितलं. "मास्तर, ब्रेक तर कडक आहे की! ताईंना भास झाला असेल."

आता गप्प बसली असती तर सुटली असती. पण तिनं बॉनेट उघडून नळी दाखवली. "भास नाही काका. पहिल्या वळणालाच कळलं होतं मला." मग बापाकडे न बघता म्हणाली, "जुनं इंजिन बसवू."

"कशाला? थांबवलं ते याच इंजिनानं," मास्तर म्हणाले. "नळीचा दोष नळी बदलली की जाईल. तू तीन वळणं गप्प राहिलीस, तो इंजिन बदलून जायचा नाही." आणि मग त्यांचा आवाज फाटला. "माझ्या अटीपायी गप्प राहिलीस ना? आग लागो त्या अटीला."

मुलगी रडली. मास्तरही रडले. माझ्या काचेवर धूळ होती, म्हणून मी नीट पाहिलं नाही असं समजा.

तर आता मी अशी ठोकळ्यांवर. मोठे ब्रेक बसतायत, नळी लांबून फिरवलीय. परवा मिस्त्रींनी विचारलं, "मास्तर, एवढं करतोच आहे, तर तुमच्या बाजूलाही खरा ब्रेक बसवून देऊ?"

मास्तरांनी मुलीकडे पाहिलं. ती पाना घेऊन माझ्याखाली झोपली होती.

"नको," ते म्हणाले. "आता ती सांगते."

पाय मात्र ते दाबणारच, मी ओळखून आहे त्यांना. म्हणून माझी एकच विनंती. माझं काय वाटेल ते बदला, पण ती फाटकी चटई तेवढी राहू द्या.