अढीतली चौथी पट्टी

विहिरीकडचं आंब्याचं कलम तोडलं तर कुशाबाला दोन फायदे होते: पेट्यांना फळ्या मिळणार आणि गावच्या घराचं अंगण मोकळं होणार. धाकट्या बुधाजीला एकही नाही. अठरा वर्षं त्यानंच त्याला पाणी घातलेलं. पण गावच्या बागेत शब्द चालतो तो थोरल्या भावाचा, तोही मुंबईत चिंचपोकळीच्या चाळीत बसून.

"त्या कलमाचो आंबो दरसाल कुसता, सडान जाता," कुशाबा म्हणाला. "औंदा कुसलो तर पावसाआधी कुऱ्हाड."

बुधाजी गावाहून आंबे घेऊन आला होता. ते पिकवायला खोलीत गवताची अढी लागली. कुशाबा रोज तिच्यात कोपरापर्यंत हात खुपसून, डोळे मिटून ऊब जोखायचा. अगदी डॉक्टर, फी तेवढी घेत नव्हता.

त्याची नात आकांक्षा इंजिनिअरिंगला. तिनं कॉलेजात केलेल्या चार पट्ट्या आणल्या. दुधाच्या पिशवीसारखं प्लास्टिक, वर शाईनं छापलेल्या रेघा. किती ऊब आहे, तो आकडा मोबाइलवर.

"ह्या वीस रुपयांच्या चिंधीक आंब्यातला काय कळता?"

"आंब्यातलं नाही आजोबा, गरमी कळते. आणि ही वाकते, कुठेपण घुसते, फळ दाबत नाही. तुमचा हात दाबतो."

बुधाजी तोंड फिरवून हसला.

चार कोपऱ्यांत चार पट्ट्या बसल्या. तीन म्हणाल्या एकतीस अंश, चौथी अडतीस. चौथीपाशी विहिरीकडचे आंबे. वेगळे ओळखू यावेत म्हणून कुशाबा ते दरसाल भिंतीलगतच ठेवायचा.

"बघलंस? फळातच खोट!"

आकांक्षानं ते आंबे खिडकीशी नेले, खिडकीचे भिंतीशी आणले. दुसऱ्या दिवशी विहिरीकडचे एकतीसवर सुखात. अडतीस भिंतीपाशीच.

भिंत म्हणजे नुसत्या फळ्या. पलीकडे शेजारच्या शेवंतीमावशीचा फ्रीज, इकडे पाठ करून गरम हवा सोडणारा.

"मावशे, तुझो फ्रीज सात वर्सां आमचे आंबे शिजवता गो!" बुधाजी ओरडला.

"मगे गॅस वाचलो तुमचो!" पलीकडून उत्तर.

तरी तिनं फ्रीज दाराकडे सरकवला. आता ती दारातून आडवी होऊन जाते, आणि मावशी काही सडपातळ नाही. कुशाबानं कलम राखायचं कबूल केलं, जणू मेहेरबानीच.

"दादा," बुधाजी हळूच म्हणाला, "मगे त्याच्या जोडीचा कलम? गेल्या वर्सी ह्याच कारणान तोडूक लावलंस ता?"

कुशाबा पुन्हा अढीत हात घालून ऊब बघत बसला.

शेवंतीची वीतभर जागा गेली, आकांक्षाचे ऐंशी रुपये. बाकी सगळी किंमत गेल्या वर्षी तोडलेल्या त्या झाडानं आधीच भरून ठेवली होती.