पाण्यात तोललेला क्राउन

तिने शिलिंगाला दोऱ्याचा फास घातला आणि तराजूवर ठेवलेल्या पेल्यातल्या पाण्यात तो असा सोडला, की तळाला टेकणार नाही. आकडा स्थिरावला. नाणं बाहेर काढून तिने ते टिपकागदावर अलगद टिपलं आणि पुन्हा पाण्यात सोडलं. आकडा तोच.

"दादा, ही चांदी नाही."

भावाने हातातलं भिंग खाली ठेवलं. बहीण निवृत्त झाली, तिलाही काही छंद असावा, म्हणून व्हिक्टोरिया राणीचा हा शिलिंग त्यानेच तिला दिला होता. जुनी ब्रिटिश नाणी जमवण्यात त्याची हयात गेली होती आणि त्या विषयात त्याचा शब्द अजून कोणी खोडला नव्हता.

"आधी हे सांग, पहिला नियम कोणता शिकवला होता? नाणं धुवायचं नाही!"

"धुतलं नाही, नुसतं बुडवलं. मनाई घासायला आहे."

"पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी केली म्हणून सगळं जग पाण्यात घालायचं का, शास्त्रज्ञबाई?"

"वन्सं, यांची अंगठीही एकदा बुडवा," वहिनी दारातून म्हणाली. "मला केव्हाचा संशय आहे."

बहिणीने आकडेमोडीचा कागद पुढे केला. नाण्याच्या वजनाला, ते पाण्यात सोडल्यावर तराजूवर जेवढा आकडा वाढतो त्याने भागलं की घनता मिळते. या नाण्यांसाठी वापरलेल्या स्टर्लिंग चांदीची ती दहाच्या थोडी वर यायला हवी होती. इथे साडेसातही भरत नव्हती.

"तराजू बिघडला असेल."

शंका रास्त होती. तिला ती आवडलीही.

"मग तुझा एखादा शिलिंग दे. त्याच काळातला."

भावाने नाण्यांची पेटी जवळ ओढली. त्याच्या पेटीला कोणी हात लावत नसे; वहिनीसुद्धा तिच्या कडेकडेने धूळ पुसायची. तो नाही म्हणाला, तर यापुढे त्याने दिलेली नाणी त्याच्याच शब्दावर जमवत राहायची, हे बहिणीला दिसत होतं. त्याला छंद म्हणत नाहीत, श्रद्धा म्हणतात. ती हात पुढे करून बसून राहिली.

अखेर एक शिलिंग, कडेला धरून, तिच्या तळहातावर आला. दोरा, पाणी, भागाकार. दहाच्या थोडी वर.

"तराजू शाबूत आहे," ती म्हणाली.

भावाने खोटा शिलिंग उचलून उजेडात फिरवला. "कडेच्या रेघासुद्धा किती नीट आहेत बघ. मी फसलो."

"मेहनत घेतली आहे बनवणाऱ्या गड्याने. पण हा मी परत देणार नाही हं. मी स्वतः ओळखलेलं हे पहिलं नाणं आहे." तिने तो जिंकलेल्या सोंगटीसारखा आपल्या बाजूला ओढला.

भाऊ उठला, कपाटाचा खालचा खण उघडला आणि मखमलीतला क्राउन, पाच शिलिंगांचं मोठं चांदीचं नाणं, घेऊन आला. त्यावर घोडेस्वार, घोड्याच्या टापांखाली ड्रॅगन. पाहुण्यांना तो हातभर अंतरावरून दिसे. त्याने स्वतःच दोऱ्याचा फास करून पाहिला, बोटांना जमेना.

"तूच बांध."

"दादा, नक्की?"

"कधीपासून याची शंका मनात आहे गं. विचारायचं कोणाला? सगळे मलाच विचारतात."

वहिनी दारातच थांबली. बहिणीने क्राउनचं वजन केलं, दोरा बांधला, नाणं पाण्यात सोडलं. भाऊ खिडकीबाहेर बघत होता. तिने भागाकार केला, खोडला, नव्याने केला आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने कागदाकडे पाहिलंच नाही. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"घनता बरोबर आहे," ती म्हणाली. "पण नाणं अस्सल आहे असं यावरून सिद्ध होत नाही. खोटं ठरवायचा एक प्रयत्न फसला, एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच."

"अगं, ऐकलंस का?" तो वहिनीकडे वळून जवळजवळ ओरडला. "फसला म्हणते! साफ फसला!"

मग त्याने अख्खी पेटी बहिणीच्या बाजूला सरकवली, कात्री शोधली आणि दोऱ्याचे तुकडे करायला बसला.