जुन्या पाणथळीचा चिखल

फाटकावर पाटी आहे: 'पर्यायी पाणथळ क्षेत्र'. ती रंगवणाऱ्याला पाणथळ म्हणजे काय ते ठाऊक नसावं, पण पर्यायी म्हणजे काय ते पक्कं कळलं होतं, कारण तो शब्द त्याने दुप्पट मोठा काढलाय. दुधाची तहान ताकावर भागवायची, यालाच सरकारी भाषेत पर्यायी म्हणतात. मी त्या ताकाची राखणदार. ट्रकवाले मला चिखलबाई म्हणतात. एकतीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत वनस्पतींच्या बरण्या पुसल्यावर हे नाव मला बढतीसारखंच वाटलं.

खरी पाणथळ आमच्या घरामागे होती, इथून बसने तीन तासांवर. घरात आम्ही तिला नुसतं 'मागचं पाणी' म्हणायचो. तिचा अर्धा भाग बुजवून एका बांधकाम कंपनीने चौदा इमारती उठवल्या. नियम असा, की एक पाणथळ बुजवलीत तर तेवढीच दुसरीकडे करून द्या. कंपनीने ही वीटभट्टीची पडीक जमीन घेतली, खणली, ओढ्याचं पाणी आत वळवलं आणि देखभालीला मला ठेवलं. तीन वर्षांनी तपासणी. जुन्या पाणथळीत चाळीस जातींच्या वनस्पती नोंदलेल्या होत्या. त्यांतल्या निदान पंचवीस इथे आपल्याआपण उगवलेल्या दिसल्या, तर जागा पास. पास झाली तर ही पाणथळ कायमची राखीव, आणि कंपनीला तिकडचा उरलेला अर्धा भागही बुजवायची परवानगी. नापास झाली तर तिकडचं अर्धं वाचणार, आणि ही जागा वखारींना जाणार.

त्या उरलेल्या अर्ध्याच्या काठावर माझा दादा राहतो. एकटाच. वहिनी जाऊन सहा वर्षं झाली.

मी ही नोकरी धरली तेव्हा दादा दारात उभा राहून म्हणाला, "त्यांच्या ताटाखालचं मांजर व्हायला निवृत्तीची वाट बघत होतीस होय?" मीही काही कमी नाही. मी म्हटलं, "तू काठावर बसून कांदे सोल नाकाने. ते बुजवायचं थांबवणार नाहीत. मी निदान चिखल तरी वाचवते." त्यानंतर अडीच वर्षं आम्ही बोललो नाही. दोघांनाही दुसरं कुणी नाही, तरी नाही.

चिखल मात्र मी खरंच वाचवला. तो पहिला अर्धा भाग बुजवण्याआधी त्यावरचा वीतभर थर खरवडून घ्यायला लावला आणि एकशे दहा ट्रक भरून इथे पसरला. त्या चिखलात बिया झोपलेल्या असतात, कधी वीस-वीस वर्षं. इथे त्या जाग्या झाल्या नाहीत, तर ते अर्धं पाणी फुकट मेलं, एवढाच त्याचा अर्थ होणार होता.

माझी केबिन म्हणजे पत्र्याचा डबा: खाट, टेबल, शेगडी आणि पाण्याकडे उघडणारी एक खिडकी. मंगळवारी किराणावाला फाटकावर पिशवी ठेवून हॉर्न वाजवतो आणि मी पोहोचायच्या आत निघून जातो. बाकी सहा दिवस मी बोलते ती बदकांशी. सात होती. त्यातलं एक लंगडं आणि भांडकुदळ, त्याला मी साहेब म्हणायची. माणसाचा आवाज आठवडाभर कानावर पडला नाही की आपला स्वतःचा आवाज ऐकूनही दचकायला होतं. मला एकटं राहायची सवय आहे असं मी सगळ्यांना सांगत आले. सवय होती, पण ती गावातल्या एकटेपणाची, जिथे भिंतीपलीकडे कुणाचा तरी नळ वाहत असतो.

पाणी मात्र देखणं होतं. ओढ्याचं पाणी बाहेर पडतं तिथे सिमेंटची चौकट आहे, तिच्या खाचांत लाकडी फळ्या बसवतात. फळी काढली की पाणी उतरतं, घातली की चढतं. मी सगळ्याच्या सगळ्या फळ्या घालून ठेवल्या होत्या. काठोकाठ पाणी. कंपनीचा अधिकारी दर तीन महिन्यांनी यायचा, फोटो काढायचा आणि "वा, मॅडम" म्हणून जायचा. उगवलं मात्र काय, तर पाणकणीस. जिकडेतिकडे पाणकणीस, पुरुषभर उंच. मी ते कंबरभर पाण्यात उभी राहून उपटलं, माती तपासून घेतली, दोन प्राध्यापकांना पत्रं लिहिली. एकाने उत्तरात 'धीर धरा' असं कळवलं. घोडं कुठे पेंड खातंय तेच कळेना. तपासणीला पाच महिने उरले आणि माझ्या यादीत अकरा जाती होत्या.

एका सकाळी मी कॉलेजच्या जुन्या नोंदवहीची नक्कल काढून बसले. चाळीसपैकी एकोणीस नावांपुढे मीच लिहिलेलं होतं, 'दादाने पाठवलं'. तो तेव्हा मला पोस्टाने रोपं पाठवायचा, वर्तमानपत्रात दाबून. प्रत्येकाबरोबर चिठ्ठी. तीही मी वहीत उतरवून घेतली होती. एक अशी: 'हे मधोमध मिळालं. चालत गेलो.'

मधोमध तर डोक्यावरून पाणी. चालत कसा गेला?

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशी मी अडीच वर्षं हिंडले होते. पण कळशाशी अबोला होता. दोन दिवस मी फोन हातात घेऊन ठेवत राहिले. तिसऱ्या दिवशी लावला.

"कोण?" दादाने विचारलं. नंबर त्याला दिसत होता.

"मी. बुटकी."

"हं."

"दादा, तू पाण्याच्या मधोमध चालत कसा गेलास?"

तो हसला, की खोकला, कोण जाणे.

"तू शाळेपासून हॉस्टेलवर. घरी कधी यायचीस?"

"थंडीच्या सुट्टीत. उन्हाळ्यात आजोळी."

"म्हणून. तू ते कायम भरलेलंच पाहिलंस. उन्हं कडक झाली की दोन महिने सगळा तळ उघडा पडायचा. भेगा पडायच्या. मी आणि आई त्यावरून पलीकडे जायचो. आणि त्या भेगांतूनच तर सगळं उगवायचं, मग हळूहळू पाणी चढायचं. तू काय केलंयस तिथे?"

"भरून ठेवलंय. काठोकाठ."

"धन्य तुझी चाकरी," तो म्हणाला. "बियांना बुडवून मारलंस की. पाणी सोड."

मी तेव्हा बोलायला नको होतं, पण न बोलता ठेवणं मला जमलं नाही. "दादा, हे उगवलं तर तुझ्याकडचं जाईल."

"मला वाचता येतं. नोटीस माझ्याच दारावर चिकटवलीय."

"मग सांगितलंस का?"

"तू विचारलंस म्हणून," दादा म्हणाला. "सावकाश सोड. दर आठवड्याला एक फळी." आणि फोन ठेवला.

मी दर आठवड्याला एक फळी काढली. तिसऱ्या फळीला बदकं गेली. साहेब सर्वांत शेवटी गेला, एक दिवस उगाच रेंगाळून. मला त्याचा राग आला आणि मग मी केबिनमध्ये बसून रडले, एका लंगड्या बदकासाठी, या वयात. तळ उघडा पडला तेव्हा असा वास सुटला की किराणावाला हॉर्नसुद्धा न वाजवता पळू लागला. कंपनीचा अधिकारी आला, म्हणाला, "मॅडम, हे काय करून ठेवलंत?" मी म्हटलं, "फोटो काढा की." त्याने काढला नाही. महिनाभर मी त्या चिखलाच्या काठाने फिरत राहिले आणि भेगांत डोकावत राहिले. कुणाला सांगायची सोय नव्हती. दादाला फोन करावा वाटे, पण काय सांगू? अजून काही नाही म्हटलं तर त्याला बरं वाटेल की वाईट, हेच मला ठरवता येईना.

पाचव्या आठवड्यात भेगांच्या कडांना हिरवं दिसलं. आधी वाटलं शेवाळ. गुडघे टेकून पाहिलं तर लाल देठाचं रोप होतं, ज्याला आम्ही लहानपणी कानातलं म्हणायचो. मग रोज काहीतरी. चौदा, सतरा, वीस. मी सगळ्यांना नावानिशी हाका मारत फिरत होते. इतका आनंद मला शेवटचा कधी झाला होता आठवत नाही, आणि त्या प्रत्येक नावासरशी तिकडचं पाणी एकेक पाऊल मागे सरत होतं. इकडे आड, तिकडे विहीर.

तपासणीच्या सकाळी सत्तावीस जाती होत्या. त्यांतल्या तिघींची एकेकच रोपं. ती उपटून खिशात घातली असती तर चोवीस झाल्या असत्या, कुणाला पत्ता लागला नसता. मी त्यांतल्या एकीपाशी बराच वेळ उकिडवी बसले. हात पुढेही केला. पण हे दादाने सांगितलं म्हणून उगवलं होतं, ते उपटायचं कसं? तपासनीस बाई आल्या, चिखलात माझ्यामागे दोन तास फिरल्या, शेवटी म्हणाल्या, "इतकी छान जागा मी पाहिली नाही." मी अहवालावर सही केली.

दादा आठवडाभराने स्वतःच आला, न कळवता. त्याचे गुडघे गेलेत, तरी काठीने सगळा काठ फिरला. एकेका रोपाशी थांबायचा, काठीने दाखवायचा, पण नाव घ्यायचा नाही. शेवटी म्हणाला, "सगळं बरोबर आलंय. आता फळ्या घाल. सावकाश." आणि बसची वेळ विचारली.

"राहा ना इथेच," मी म्हटलं. "दुसरी खाट मागवते."

"त्यांचं काम सुरू व्हायला पंधरा दिवस आहेत. तेवढे मागच्या पाण्याजवळ राहतो."

बसमध्ये चढताना तो वळला. "फोन कर. कामाचंच बोलायला हवं असं नाही."

मी रोज सकाळी सातला केला. आज बगळे किती, आज पाणी कुठवर आहे, असं तो सांगायचा. मी इकडचं सांगायची. अडीच वर्षांत साठलेलं काहीच आम्ही काढलं नाही. मला तेवढंही पुष्कळ होतं.

सोळाव्या दिवशी त्याने फोन उचलला. ट्रक मागे घेताना वाजतो तो आवाज येत होता, एकाचा नव्हे, बऱ्याच ट्रकांचा.

"दादा."

"ऐकतोय."

मला माफी मागायची होती. त्याऐवजी तोंडातून आलं, "चिखल काढून घेतला ना त्यांनी आधी? तेरा जाती राहिल्यात. त्या तिकडेच आहेत."

"नाही," दादा म्हणाला. "मी गेलो होतो विचारायला. म्हणाले, या वेळी तशी अट नाही. तुमची पर्यायी जागा पास झालीय."

मी हे विचारायला हवं होतं. सही करायच्या आधी, त्या बाई समोर उभ्या असताना. मला सुचलंच नाही. माझं सगळं लक्ष सत्तावीसकडे होतं.

"भराव वरूनच टाकतायत," तो म्हणाला.

मग आम्ही दोघंही फोन तसाच धरून राहिलो.