पुठ्ठ्याच्या भोकातला आकडा

आमच्या पंपघरातल्या संगणकाचा पडदा नव्याने सजवायचं काम माझ्या सुनेला मिळालं. तिचं हे पहिलंच काम. त्या दिवशी साहेब येऊन ते पास करणार होते. नापास झालं, तर उरलेली अकरा पंपघरं दुसऱ्या कुणाला जाणार होती.

पडद्यावर आकड्यांची गर्दी. मी अक्षरं आणि आकडे शिकलो पन्नाशीनंतर. एवढे एकदम बघितले की डोळे गरगरायचे. म्हणून जुन्या पडद्यावर मी पुठ्ठा चिकटवला होता, त्याला एकच भोक. त्यातून टाकीच्या पातळीचा पहिला आकडा दिसायचा. नऊ आला की पंप बंद. सहा वर्षं चुकलो नाही. ही युक्ती सुनेलाही सांगितली नव्हती.

नव्या पडद्यावरही मी गुपचूप पुठ्ठा लावला. भोकात एक दिसला. म्हटलं, टाकी रिकामीच आहे, आणि निवांत संत्रं सोलत बसलो.

साहेब सुनेसोबत आले, आणि त्यांच्या मागोमाग जिन्यावरून पाणीही आलं. मी पंप बंद केला, पुठ्ठा ओढून पाठीमागे लपवला.

"टाकी वाहतेय, आणि तुमचा पडदा गप्प?" साहेब बुटांसकट पाण्यात उभे राहून सुनेवर कडाडले.

"गप्प कुठे? पातळी नऊशे सतरा दाखवतोय की!"

"मग यांना दिसलं कसं नाही?"

सून पांढरीफटक पडली. मला राहवेना. मी पुठ्ठा पुढे केला, सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी भोकातून माझ्याकडे पाहिलं. "सहा वर्षं टाकी यातून सांभाळलीत?"

"एक डोळा पुरायचा, साहेब."

सून पडद्याकडेच बघत होती. "बाबा, चूक माझी आहे. देखणे दिसावेत म्हणून मी आकडे असे घेतले. एक सडपातळ, आठ ढेरपोट्या. ओळीत पातळीच्या आधी दाबाचा आकडा आहे; तो बदलला की पुढची अख्खी ओळ सरकते. तुमचा नऊ भोकाबाहेर गेला, त्याच्या जागी एक आला. जुन्या फॉन्टमध्ये प्रत्येकाला सारखी जागा होती."

"टाइपरायटरसारखी?" साहेबांनी नाक मुरडलं. "कवायत वाटेल ती."

"वाटू दे. रांग तर कोणी सोडणार नाही!"

तिने उभ्या उभ्या फॉन्ट बदलला. दाबाचे आकडे भराभर पालटत होते, पण शेजारचा नऊ तसूभर हलेना. साहेबांनी त्यावर बोट ठेवून मिनिटभर वाट पाहिली, मग मोजे पिळले आणि सही केली.

"बाकीच्या अकरा ठिकाणी आधी विचारा," ते म्हणाले, "कुणी काय चिकटवलंय ते."

"विचारून कोण सांगतंय?" सून म्हणाली. "बाबांनाच नेते सोबत. लपवायच्या जागा त्यांना पाठ आहेत."