झाकणाला टेकलेला ब्रेड

मित्रांनो, मी एक जुनं ब्रेड मशीन आहे. आमच्या जातीतले बाकीचे मोठ्या मनाचे असतात म्हणे. मी नाही. मी डूख धरला आणि वेळ येताच उट्टं काढलं.

पोटात एक भांडं, त्याच्या तळाशी पीठ मळणारं पातं आणि वर काचेची खिडकी असलेलं झाकण, कारखान्यातून निघालो तेव्हा एवढाच माझा संसार होता. एका आईने मला घरी आणलं, कारण तिच्या लेकीला, बारकीला, गहू सोसत नव्हता. गव्हातलं ग्लूटेन पोटात गेलं की पोर दुखण्याने वाकडी व्हायची. आई माझ्यात तांदळाचं नि मक्याचं पीठ, इसबगोल आणि अंडी घालायची. त्याचा काही गोळा होत नाही, नुसता लगदा होतो. ब्रेड व्हायचा बुटका, माथ्यावर खचलेला. पण तो खाऊन बारकी खेळायला पळायची. "माझं मशीन," म्हणत मला फडक्याने पुसायची. तेवढं कौतुक मला पुरे होतं.

मग आत्या राहायला आली. आई कामावर जायची, म्हणून भांडं भरण्याचं काम तिने अंगावर घेतलं. पहिल्याच दिवशी तिने आपल्या पिशवीतून मूठभर गव्हाचं पीठ काढून आत टाकलं.

"एवढ्याशाने काय होतंय! पोर नुसती वाळत चाललीय," ती पुटपुटली.

माझ्या पात्याला तत्काळ कळलं. गव्हाचं पीठ चिवट, ओढ धरणारं. पण मला तोंड कुठे होतं? ती रोज मूठ टाकत राहिली आणि मी मुकाट्याने मळत राहिलो.

बारकी पुन्हा पोट धरून पडू लागली. आई रडकुंडीला आली.

"अगं, त्या डब्यातच काहीतरी दोष असणार," आत्या म्हणाली.

सगळं खापर माझ्यावर फुटलं! आईने मला घासून घासून धुतलं, तरी दुखणं थांबेना. शेवटी ती म्हणाली, "या रविवारी शेवटचा ब्रेड. मग हे भंगारात." बारकीने मला पुसणं सोडलं, लांबूनच बघू लागली. ते मला फार लागलं. आत्याला मी सोडणार नव्हतो.

रविवारी आत्याने निम्मं पीठ गव्हाचं घातलं. "शेवटचा तरी मऊ खाऊ दे माझ्या बाळीला," म्हणाली. मी जीव ओतून मळलं, बेताची ऊब दिली. ब्रेड भांड्याच्या काठावर आला आणि फुगत फुगत थेट झाकणाच्या काचेला टेकला.

"आई, केवढा झालाय बघ!" बारकीने तुकडा ओढला. तो चटकन तुटेना, लांबत गेला. तोंडाशी नेणार तोच आईने तिचा हात धरला.

"ठेव खाली. हा ब्रेड आपला नाही." मग ती आत्याकडे वळली. "ताई, आपला ब्रेड आजवर कधी झाकणाला टेकला नाही. काय घातलंत यात?"

आत्याचा चेहरा खर्रकन उतरला. "थोडंसं गव्हाचं... मायेपोटीच गं."

"आजच? की रोज?"

आत्याने आपली पिशवी पाठीमागे सरकवली. बारकी हळूच तिच्यापासून दूर सरकली. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

पण माझ्या सांध्यासांध्यांत गहू बसला होता. आईने बारकीसाठी नवं मशीन आणलं आणि मला आत्याच्या हातात दिलं. "हे आता तुम्हीच न्या." याचा विचार मी केलाच नव्हता.

मित्रांनो, आम्हाला जपा, आणि आमच्या पोटात काय घालता ते बघून घाला. दुसऱ्याच्या पोटाशी खेळू नका, मायेने तर मुळीच नको.

मी आता आत्याच्या ओट्यावर असतो. बारकी कधीतरी येते, स्वतःचा डबा घेऊन. मला हात लावत नाही. आत्याने दिलेलं पाणीसुद्धा आधी आईकडे बघून पिते. ती गेली की आत्या माझं झाकण उघडते, उंच ब्रेडकडे बघत सुरी हातात धरून उभी राहते आणि मग एकटीच खाते. तिचा एकही ब्रेड मी खचू देत नाही. उद्याचाही झाकणाला टेकेल.